लोकांनी ‘घुम्या’ म्हटलं म्हणून स्वभाव बदलायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी 34 वर्षांचा, गोकुळ शिरगावला एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. गेल्या सहा महिन्यांत तिघांनी तीन गोष्टी ऐकवल्या. सासुरवाडीत बारशाला मेहुणे सगळ्यांदेखत म्हणाले, पाव्हणं लईच घुमं हाईत. अप्रेझलला साहेब म्हणाले, टीममध्ये मिसळत नाहीस, प्रत्येक पीसमध्ये खोड काढत बसतोस. हे घरी सांगितलं तर थोरला भाऊ म्हणाला, तू लई मनाला लावून घेतोस. आता मला माझाच राग यायला लागलाय. पुढच्या महिन्यात सासुरवाडीची यात्रा आहे, जाऊच नये असं वाटतं. स्वभाव बदलायचा, की आहे तसा स्वीकारायचा? आणि स्वीकारला, पण लोकांचंच खरं असेल तर?’

तिन्ही शेरे तुम्ही शब्दशः लिहिलेत. कोण बोललं, कुठे बोललं, तेव्हा तुम्ही कुठे बसला होतात, हेसुद्धा. ही तुमच्या कामातली सवय आहे आणि तीच आज आपल्या उपयोगी पडणार आहे. मी गेली 22 वर्षं कोल्हापुरात समुपदेशन करते. तुमच्यासारखी दुखावलेली माणसं दर आठवड्याला माझ्यासमोर बसतात, पण इतकी नेमकी नोंद घेऊन फार थोडी येतात.

एक विचारते. उद्या तुमच्या टेबलावर एखादा पीस आला आणि तुम्ही रिपोर्टवर ‘पीस वाईट आहे’ एवढंच लिहून सही केलीत, तर चालेल? नाही चालणार. कुठलं माप, ड्रॉइंगवर किती, प्रत्यक्षात किती, हे लिहावं लागेल. बोअर, म्हणजे पीसमधलं भोक, 0.05 मिमीने लहान आहे, असं लिहिलं की पुढचं ठरवता येतं. लहान राहिलाय ना, मग रिवर्कला जाऊ दे. मोठा झाला असता तर हातातून गेला असता. आणि काही वेळा माप थोडं बाहेर असतं, पण जिथे बसायचं तिथे पीस नीट बसतो, काम करतो. तेव्हा तो डेव्हिएशनवर पास होतो.

आता तुम्हाला मिळालेले शेरे बघा. घुमा, खोड काढणारा, मनाला लावून घेणारा. तिन्ही ‘पीस वाईट आहे’ याच जातीचे. त्यात ना माप आहे, ना जागा. कारखान्यात असा रिपोर्ट तुम्ही परत पाठवला असतात. घरी मात्र तो न वाचता स्वतःवर चिकटवून घेतलात आणि सहा महिने त्याच्याखाली दबून गेलात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमाराला जी उपचारपद्धती मांडली, तिला मराठीत आपण विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतो. तिचा एक खांब हाच आहे: कृतीला गुण द्या, कमी द्या, जास्त द्या, पण अख्ख्या माणसाला एकच गुण देऊ नका. हे ऐकायला सोपं वाटतं, पाळायला अवघड आहे, कारण आपली भाषाच आपल्याला तिकडे ओढते. ‘तू काल मामांशी बोलला नाहीस’ हे एका दिवसाबद्दलचं वाक्य आहे. ‘तू घुमा आहेस’ हे जन्माबद्दलचं झालं. पहिल्याला उत्तर देता येतं, माफी मागता येते, पुढच्या वेळी वेगळं वागता येतं. दुसऱ्याचं काय करणार?

स्वभावाला नावं ठेवायला शब्द किती असतात बघा. 1936 मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे शब्द वेचले, ते जवळजवळ 18,000 निघाले. आपल्याकडे कुणी असं मोजायला बसलं तर मराठीही मागे राहणार नाही. गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की एकाच गुणाला आपण दोन-दोन नावं ठेवलीत. शांत आणि घुमा. काटेकोर आणि किरकिरा. हळवा आणि रडवा. जपून खर्च करणारा आणि चिकट. कुठलं नाव वापरायचं हे ज्याला त्या गुणाचा फायदा होतो का त्रास, त्यावर ठरतं. ज्या गिऱ्हाइकाकडे तुम्ही तपासलेला माल जातो त्याला विचारा, तो तुम्हाला काटेकोर म्हणेल. ज्या ऑपरेटरचे पीस परत आले तो किरकिरा म्हणेल. माणूस तोच, मायक्रोमीटर तोच. (बायकांच्या बाबतीत हे अजून बोचरं होतं. पुरुष तोंडावर बोलला की स्पष्टवक्ता, तेच सून बोलली की फटकळ. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुली हा एकच शब्द उराशी धरून आलेल्या असतात.)

त्यात तुम्ही राहता कोल्हापुरात. मला हे गाव प्राणापलीकडे आवडतं, म्हणून हे मोकळेपणानं लिहिते. इथली माया मोठ्या आवाजातली आहे. गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पीत उभे असलेले दोन मित्र भांडतायत का गप्पा मारतायत, परगावच्या माणसाला कळत नाही. तालमीच्या कट्ट्यावर, पेठेतल्या मंडळात, शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघताना, सगळीकडे माणूस मोजायची पट्टी एकच: बोलतोय किती आणि हसतोय किती. चेष्टा करणं हे जवळ घेणं असतं. अशा गावात गप्प माणूस उठून दिसतो. हाच माणूस दुसऱ्या एखाद्या गावात, पुस्तकांच्या दुकानात नाहीतर लॅबोरेटरीत असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. म्हणजे शेऱ्यातला काही भाग तुमचा असतो आणि काही भाग पट्टीचा. पट्टी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण ती एकच आहे, हे लक्षात ठेवा.

शिवाय इथल्या ‘बोला की जरा’मध्ये बरंचसं आमंत्रण असतं. पाव्हणं घुमं हाईत म्हणणारे मेहुणे बहुतेक वेळा असं सांगत असतात: तुम्हाला आम्ही आवडतो का नाही हेच आम्हाला कळत नाही. जावई गप्प बसला की सासरचं घर आपोआप समजतं की आपलं काहीतरी चुकलं, जेवण आवडलं नाही, मान राखला गेला नाही. तुमच्या गप्प बसण्यामागे तसं काहीही नसतं, पण त्यांना कुठून कळणार?

आता स्वभावाकडे येऊ. तुमच्याच धंद्यातलं उदाहरण देते, हे मला उद्यमनगरातल्या एका जुन्या फौंड्रीवाल्या काकांनी समजावून दिलं होतं. त्यांचा मुलगा माझ्याकडे येत असे. काका म्हणाले, ‘‘मॅडम, ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न दोन्ही लोखंडच. ग्रेमध्ये ग्रॅफाइट पापुद्र्यासारखं असतं, एसजीत गोल गोळीसारखं. ग्रेवर हातोडा घातला तर तुटतं. म्हणून काय ते वाईट? मशीनचं बेड कशाचं करतात? ग्रेचं. कारण ते थरथर पिऊन टाकतं.’’ ज्या पापुद्र्यांमुळे ते ठिसूळ आहे त्याच पापुद्र्यांमुळे ते कंपन शोषतं. पापुद्रे काढून टाकले तर ठिसूळपणा जाईल, पण थरथर पिण्याचा गुणही जाईल. मग ते ग्रे राहणारच नाही. क्रँकशाफ्टला ते वापरू नये एवढंच.

तुमचा काटेकोरपणा आणि तुमचं मनाला लावून घेणं, मला वाटतं, एकाच पापुद्र्याचे आहेत. डोळ्यांना 0.05 दिसतो म्हणूनच साहेबांच्या आवाजातला बारीकसा बदलही ऐकू येतो. एक ठेवून दुसरं फेकून द्यायचं, असा सौदा मी आजवर कुणाला जमलेला बघितला नाही.

हे पापुद्रे येतात कुठून, यावर बरंच संशोधन झालंय. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून सतत असं दिसतं की स्वभावातल्या माणसामाणसांमधल्या फरकाचा साधारण 40 ते 50 टक्के भाग अनुवंशाशी जोडलेला असतो. हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवी खेळणी, नवे आवाज, नवे वास दिले. सुमारे 20 टक्के बाळं हातपाय झाडून रडायला लागली. त्यातली बरीच मुलं पुढे बुजरी, जपून वागणारी झाली. सगळी मात्र नाही. चार महिन्यांच्या बाळाला कुणी ‘तू मनाला लावून घेतोस’ म्हणत नाही. तुम्हीही एकेकाळी चार महिन्यांचे होतात.

म्हणजे स्वीकारायचं ते हे: मी चारचौघांत कमी बोलतो, मला बारीक गोष्टी दिसतात आणि मला लागतं. याची लाज बाळगायचं कारण नाही आणि तुम्ही ते निवडलेलंही नाही.

पण इथेच थांबलं तर घात होतो. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण माझ्या खोलीत मी सगळ्यात जास्त ऐकलीय आणि बहुतेक वेळा ती बोलणाऱ्याला काहीतरी करायचं टाळायचं असतं. मी तापट आहे, माझा स्वभावच तसा, म्हणत बायकोवर ओरडणारे येतात. तापटपणा स्वभाव असेल. ताट फेकणं हा स्वभाव नाही, ती कृती आहे. आणि लोखंडाची उपमाही इथे संपते, कारण लोखंड ओतलं की झालं, माणूस आयुष्यभर थोडा थोडा बदलत राहतो. वय वाढतं तसं सर्वसाधारणपणे लोक जास्त जबाबदार आणि कमी अस्वस्थ होतात, असं दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांतून दिसलंय.

तर शेरा आला की त्याला मापात आणायचं. बारशाचंच घेऊ. तुम्ही लिहिलंय: पोचलात, दारातूनच सगळ्यांना मिळून एक नमस्कार केलात, दाराजवळच्या खुर्चीवर बसलात, पाऊण तास मोबाइल बघितलात, जेवलात आणि बायकोला खूण करून बाहेर गाडीपाशी जाऊन उभे राहिलात. सासऱ्यांना भेटून निघाला नाहीत. यात कमी बोलणं कुठे आहे? फार थोडं. बाकीच्या कृती आहेत आणि त्या मोजता येतात. नमस्कार सगळ्यांना मिळून एक, त्याऐवजी थोरल्यांना वेगवेगळा करता आला असता. मोबाइल खिशात राहू शकला असता. निघताना ‘येतो’ म्हणणं तर आपल्याकडे बोलण्यात धरतच नाहीत, तो रिवाज आहे. यासाठी बोलका माणूस व्हावं लागत नाही. हा रिवर्क आहे, दहा मिनिटांचा.

गप्प बसणं मात्र तसंच राहू द्या. उगाच विनोद करायला जाऊ नका. मी असे प्रयत्न पाहिलेत. माणूस दोन तास उसनं बोलतो आणि पुढचे दोन दिवस आजारी असल्यासारखा पडून राहतो. तुमच्यासारख्या माणसाला एका वेळी एका माणसाशी बोलणं जमतं. बारशाच्या घरात आजी असते, तिच्या शेजारी कुणी बसत नाही. तिथे जाऊन बसा.

साहेबांच्या शेऱ्यात दोन गोष्टी एकत्र झाल्यात. पीसमध्ये खोड काढणं हे तुमचं काम आहे, त्याचा तुम्हाला पगार मिळतो. तो भाग ऐकून सोडून द्या. पण तुम्हीच पत्रात एक वाक्य सहज लिहून गेलात की रिजेक्शन तुम्ही थेट रिपोर्टवर टाकता आणि ऑपरेटरला ते सुपरवायझरकडून कळतं. मला वाटतं, सगळं इथेच आहे. त्या पोराच्या जागी उभे राहून बघा. सकाळपासून मशीनवर उभा, आणि आपली चूक त्याला तिसऱ्याच माणसाच्या तोंडून, तीही ओरडा खाताना कळते. रिपोर्ट लिहायच्या आधी पीस हातात घेऊन त्याच्या मशीनपाशी जा, मायक्रोमीटर लावून त्याला दाखवा, ‘‘हे बघ, इथे कमी येतंय, टूल बघतोस का?’’ एवढंच. मिसळणं म्हणजे डब्याच्या वेळी हास्यविनोद करणं असं काही नाही. तुमच्यासारख्यांचं मिसळणं मशीनपाशी होतं.

राहिला भाऊ. तो प्रेमानं बोलला यात मला शंका नाही, पण ‘मनाला लावून घेऊ नकोस’ हा जगातला सगळ्यात निरुपयोगी सल्ला आहे. लागणं आपल्या हातात नसतं. लागल्यानंतर ते किती वेळ चघळायचं, यावर मात्र थोडा ताबा मिळवता येतो. तुम्ही तीन रात्री जागलात. त्या रात्रींत नवीन काय सापडलं? पहिल्या तासानंतर काहीच नाही. तेच वाक्य म्हशीच्या रवंथासारखं फिरत राहिलं. मी सांगते ते करून बघा. शेरा आला त्या दिवशी तो वहीत लिहायचा, शब्दशः. त्या दिवशी त्यावर निर्णय घ्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्धा तास काढायचा, वही उघडायची आणि विचारायचं: यात माझी कृती कुठली? ती नसेल तर पान उलटायचं. रात्री परत आठवलं तर स्वतःला सांगायचं, हे वहीत आहे, उद्याच्या अर्ध्या तासात बघू. रंकाळ्याच्या काठानं चालत हे करणारे माझे काही लोक आहेत, मोबाइल घरी ठेवून. चालताना विचार पुढे सरकतो, अंथरुणात तो एका जागी फिरतो.

आणि तुम्हाला वाटतं तितकं लोक तुमच्याकडे बघत नसतात. अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एका गायकाचा चेहरा छापलेला, लाज वाटेल असा टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. खोलीतल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी तो बघितला असणार, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात पाव लोकांनाही धड सांगता आलं नाही. त्या बारशातले मेहुणे त्यांचं वाक्य घरी जाईपर्यंत विसरले असतील. तुम्ही ते सहा महिने जपलंत.

हे मी फक्त पुस्तकातून सांगत नाही. शिकत होते तेव्हा माझ्या एका वरिष्ठांनी चार जणांसमोर सांगितलं होतं की तुम्ही बोलताना इतक्या थांबता, समोरचा माणूस झोपेल. या धंद्यात तुमचं कठीण आहे. मला ते इतकं लागलं की पुढची दोन वर्षं मी प्रत्येक शांत क्षण बोलून भरून काढला. मग एकदा, समोरच्या व्यक्तीच्या परवानगीनं केलेलं एक सत्राचं ध्वनिमुद्रण ऐकायला बसले. त्यात एक बाई तीन वेळा काहीतरी सांगायच्या बेतात आली होती आणि तिन्ही वेळा मी मध्येच बोलले होते. तिला काय सांगायचं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण ती परत आली नाही. त्या दिवशी मी तो शेरा पहिल्यांदा मापून बघितला. त्यात दोन गोष्टी होत्या. मी थांबते, हे खरं. आणि वाक्याच्या शेवटी माझा आवाज इतका खाली जातो की शेवटचा शब्द ऐकूच येत नाही, हेही खरं. दुसरं मी सुधारलं, रोज मोठ्यानं वाचून, तीनेक महिन्यांत. पहिलं तसंच ठेवलं. आज लोक माझ्याकडे येतात ते बहुतेक त्या थांबण्यासाठीच.

स्वीकार म्हणजे काय, हे मला तुमच्या त्या डेव्हिएशन शब्दात जितकं नीट सापडतं तितकं दुसऱ्या कुठल्या शब्दात सापडत नाही. पीस ड्रॉइंगप्रमाणे नाही, हे नाकारलेलं नसतं. माप लिहिलेलं असतं, का चालेल तेही लिहिलेलं असतं, आणि जबाबदार माणसानं डोळे उघडे ठेवून सही केलेली असते. ‘मी परफेक्ट आहे’ असं तुम्ही स्वतःला सांगायला जाऊ नका, तुमचं मन ते मानणार नाही, ते इन्स्पेक्टरचं मन आहे. ‘मी कमी बोलतो, हे माप आहे, यानं माझं आणि माझ्या माणसांचं काम अडत नाही’ एवढं लिहा आणि सही करा. ती सही मेहुण्यांची नको, साहेबांची नको.

लोकांचंच खरं असेल तर, असं तुम्ही विचारलंत. खरं असेलच, थोडंफार. खरं असण्याचा आणि तुम्ही वाईट असण्याचा काही संबंध नाही. ‘निंदकाचे घर असावे शेजारी’ म्हणतात ते मला पटतं. पण शेजारी म्हटलंय. तुम्ही त्याला माजघरात आणून झोपवलंत.

दोन गोष्टी मात्र मला विचारल्याच पाहिजेत, कारण पत्रातून सगळं दिसत नाही. हा गप्पपणा लहानपणापासूनचा आहे, का गेल्या काही महिन्यांतला? पूर्वी मित्रांत रमणारा माणूस अलीकडे गप्प झाला असेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, आवडत्या गोष्टीत मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तो स्वभाव नाही, आजार असू शकतो. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं; कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाता येतं, आणि टेली मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीत बोलता येतं. मरावंसं वाटत असेल तर आजच. दुसरं असं, चारचौघांत बोलायची मनापासून इच्छा असते, पण छाती धडधडते, घाम फुटतो, म्हणून तुम्ही जाणंच टाळता का? एकटं राहणं आवडणं वेगळं आणि माणसांची भीती वाटणं वेगळं. भीतीवर चांगले उपचार आहेत, तिला स्वभाव म्हणून आयुष्यभर सांभाळू नका. तुमच्या पत्रावरून मला भीती कमी आणि दुखावलेपण जास्त दिसतं, पण हे तुम्हीच तपासून मला कळवा.

आणि कुणी रोज उठून, चारचौघांत, मुद्दाम अपमान करत असेल तर त्यातली आपली कृती शोधत बसायचं नाही. ती टीका नव्हे. तुमच्या पत्रातले तिघं तसे वाटत नाहीत.

यात्रेला जा. मुलांना घेऊन जेवणाच्या तासभर आधी पोचा, तेव्हा घरात गर्दी कमी असते. सासऱ्यांना, सासूबाईंना वेगवेगळा नमस्कार करा. पंगतीत पांढरा रस्सा वाढायला माणूस लागतोच, ते भांडं तुम्ही हातात घ्या; वाढताना ‘घ्या की अजून’ यापलीकडे काही बोलावं लागत नाही, आणि अख्ख्या पंगतीशी बोलून होतं. दमलात की अर्धा तास गाडीपाशी जाऊन उभे राहिलात तरी चालेल, बायकोला आधी सांगून ठेवा. निघताना सासऱ्यांसमोर जाऊन ‘येतो’ म्हणा. मेहुणे परत पाव्हणं घुमं हाईत म्हणाले, तर ‘आहे खरा’ म्हणून हसा आणि त्यांच्या ताटात रस्सा वाढा.